जीटीची काच आणि बादलीचं वजन

मित्रांनो, 'जीटी' म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं तो अजून इंजिनिअरिंगला आलेलाच नाही असं खुशाल समजा. तरी एफ.ई.च्या बाळांसाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खाटांच्या मध्ये एक काच आडवी टाकायची (काच कुठून आली हे विचारायचं नाही, आमच्या कॉमन रूमच्या एका खिडकीला बरीच वर्षं काच नाही एवढंच सांगते). खाली टेबल लॅम्प, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चार कोपऱ्यांना चार क्लिपा. रात्री अकराला बसायचं, पहाटे चारला ऑर्थोग्राफिकच्या दोन शीट तयार. सकाळी सर शीट उजेडात धरून कंपासच्या टोकाचं भोक शोधतात आणि ते सापडलं नाही की शीटचं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

ही विद्या मी पहिल्या वर्षी इमानेइतबारे शिकले आणि विसरूनही गेले. तीन वर्षांनी मला कळलं, की हाताने चित्रं काढून जे ॲनिमेशन करतात त्यांचं मुख्य टेबल म्हणजे हीच काच. उतरतं टेबल, मध्ये बसवलेली काच, खाली दिवा. कागद हलू नये म्हणून क्लिपांच्या जागी एक पट्टी असते, तिला तीन खुंट्या असतात आणि प्रत्येक कागदाला खाली तशीच तीन भोकं पाडलेली असतात. त्याला पेग बार म्हणतात. बाकी सगळा आपलाच संसार. फरक एकच. जीटीमध्ये वरची रेघ खालच्या रेघेवर तंतोतंत बसली पाहिजे. ॲनिमेटर मात्र खालची रेघ बघून वरची रेघ मुद्दाम थोडी बाजूला काढतो. ती 'थोडी' किती, हाच सगळा विषय आहे.

आता मी यात कशी पडले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला ॲनिमेटर व्हायचंय. मेकॅनिकलच्या मुलीने हे वाक्य घरी कसं बोलायचं याची प्रॅक्टिस मी आरशासमोर केली होती. टी.ई.च्या सुट्टीत लॅपटॉपवर ब्लेंडर टाकलं (फुकट आहे, म्हणून), यूट्यूबवर बघून बघून एक बाई तयार केली आणि ती पाण्याची बादली उचलून चार पावलं चालते असा चाळीस सेकंदांचा तुकडा बनवला. बादलीवर गंजसुद्धा दाखवला होता. पाण्यावर उजेड चमकत होता. इंटर्नशिपसाठी मुंबईतल्या एका स्टुडिओला तो पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका वाक्याचं: कॅरेक्टरला आणि वस्तूला वजन नाही.

गंज दाखवला होता हो! वजन कसं नाही?

माझ्या रूममेटचे काका पूर्वी जाहिरातींच्या ॲनिमेशनमध्ये क्लीनअपचं काम करायचे, म्हणजे मुख्य ॲनिमेटरच्या कच्च्या चित्रावरून स्वच्छ रेघ काढायचं. त्यांना लॅपटॉप नेऊन दाखवला. त्यांनी दोनदा बघितलं आणि विचारलं, "ही बादली भरलेली आहे की रिकामी?" म्हटलं, "काका, भरलेली. पाणी दिसतंय की." ते म्हणाले, "तुला दिसतंय गं. तिला माहीत नाही." मग आत जाऊन त्यांनी एक जुना पितळी पेग बार आणून हातात ठेवला. "महिनाभर कॉम्प्युटर बंद. आधी चेंडू काढ."

चेंडू! मला रागच आला होता. पण काढला, आणि इथून खरा अभ्यास सुरू होतो.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. हाताने काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला 'ऑन टूज' म्हणतात. फार वेगाच्या हालचालीला 'ऑन वन्स', म्हणजे पूर्ण २४. दहा मिनिटांच्या फिल्मला ऑन टूजने एका पात्राची ७,२०० चित्रं होतात. आपल्या चार वर्षांच्या सगळ्या असाइनमेंटची पानं मोजली तरी तेवढी व्हायची नाहीत.

आता चेंडू हातातून सोडला. अकरावीतलं सूत्र आठवा: अंतर म्हणजे अर्धा जी टी वर्ग. दोन चित्रांमध्ये १/१२ सेकंद. पहिल्या चित्रापर्यंत चेंडू ३.४ सेंमी पडतो, पुढच्यात १०.२, मग १७, मग २३.८, मग ३०.७, मग ३७.५. म्हणजे १ : ३ : ५ : ७ : ९ : ११. सहा चित्रांत, अर्ध्या सेकंदात, एकूण सव्वा मीटरच्या जरा आत. हे १:५ च्या स्केलने ए-फोर कागदावर उभं छान बसतं. टेनिसचा चेंडू या स्केलला १.३ सेंमीचं वर्तुळ होतो. कागद हातात धरून फडफडवले आणि मित्रांनो, चेंडू पडला! वर्तुळाला काहीही केलेलं नाही, नुसती अंतरं बदलली. ॲनिमेटर याला 'स्पेसिंग' म्हणतात. कुठलीही गोष्ट किती चित्रांत होते ते 'टायमिंग' आणि त्या चित्रांमधली अंतरं कशी वाटली ते 'स्पेसिंग'. टायमिंग तेच ठेवून अंतरं समान वाटली तर तोच चेंडू लिफ्टने खाली आल्यासारखा येतो. करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग टप्पा. टेनिसचा चेंडू कडक जमिनीवर साधारण ५५ टक्के उंचीपर्यंत परत उसळतो. म्हणजे वर जायला लागणारा वेळ आधीच्या वेळेच्या ५५ टक्क्यांच्या वर्गमुळाने कमी, म्हणजे ०.७४ पट. सहा चित्रांच्या जागी ४.४५ चित्रं. आता ४.४५ चित्रं काढायची कशी? काढता येत नाहीत. चार काढायची की पाच, हे कुणीतरी ठरवावं लागतं. चार काढली तर चेंडू चपळ वाटतो, पाच काढली तर जरा आळशी. सूत्र इथपर्यंत आणून सोडतं आणि पुढे तुम्ही. माझ्या दृष्टीने ॲनिमेशन नावाची गोष्ट इथे सुरू झाली.

टप्पा पडताना चेंडू चेपतो, त्याला 'स्क्वॉश अँड स्ट्रेच' म्हणतात. नियम असा की आकार बदलला तरी माल तेवढाच राहिला पाहिजे. मी हुशारी करून गणित मांडलं. उंची निम्मी केली तर कागदावरचं क्षेत्रफळ सारखं ठेवायला रुंदी दुप्पट करावी लागते, पण चेंडू गोळा आहे म्हणून घनफळ सारखं ठेवायचं तर रुंदी फक्त १.४१ पट. दोन्ही काढून बघितलं. दुप्पट रुंदीचा चेंडू जमिनीवर भाकरीसारखा पसरला. १.४१ वाला चेंडूच राहिला. काकांना अभिमानाने दाखवलं तर ते म्हणाले, "बरं आहे. पण चेपायच्या आधी टेकलेलं एक चित्र घाल." जमिनीला नुसता टेकलेला, न चेपलेला चेंडू. एकच कागद, १/१२ सेकंद. तो घातला आणि टप्पा ऐकू आल्यासारखा वाटला. हे कुठल्या सूत्रातून येतं ते मला अजून सापडलेलं नाही.

आता मुख्य भानगड, माझी हलकी बादली. हाताने काम करताना मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या स्थिती काढतो, त्या 'की'. मधली चित्रं दुसरा माणूस भरतो, तो इनबिटवीनर. त्याला कळावं म्हणून की-चित्राच्या कडेला एक रेघ मारून तिच्यावर आडव्या खुणा करतात, थर्मामीटर असतो तशी. पहिली खूण बरोबर मध्यावर, पुढची उरलेल्याच्या मध्यावर, पुढची पुन्हा उरलेल्याच्या मध्यावर. निम्मं, पाव, अष्टमांश. कारण साधं आहे: डोळ्याला मध्य सापडतो, तिसरा हिस्सा सापडत नाही. अशाने हालचाल शेवटाकडे हळू होत जाते. एक्स-शीट नावाचा लांबलचक तक्ता असतो, त्यात कुठलं चित्र किती चौकटी हे ओळीने लिहिलेलं असतं. आपल्या प्रोसेस शीटचा भाऊच.

कॉम्प्युटरवर तुम्ही दोन की देता आणि मधलं तो भरतो. ब्लेंडर आपणहून जे भरतो त्यात प्रत्येक हालचाल हळू सुरू होते आणि हळू संपते. दिसायला गुळगुळीत. पण जगात सगळंच असं होत नाही. जमिनीवर आदळणारी वस्तू आदळायच्या आधी हळू होत नाही, उलट तेव्हाच तिचा वेग सगळ्यात जास्त असतो. मी काय केलं होतं? बाईच्या हाताला दोन की, बादलीला दोन की, दोन्ही एकाच चौकटीला सुरू आणि एकाच चौकटीला बंद. हात निघाला त्याच क्षणी बादली निघाली. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. हाताने काढताना बारा चित्रांना बारा वेळा विचार करावा लागतो. मशीनवर मी दोनदाच केला होता, बाकीचे दहा वेळा त्याने केला आणि त्याला बादली कधी उचलावी लागत नाही.

हे काही माझं संशोधन नव्हे. डिस्नेमध्ये आयुष्य घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात हाताच्या ॲनिमेशनची बारा तत्त्वं आहेत. (बाराच्या बारा इथे लिहून जर्नल भरत नाही, शोधली की सापडतील.) १९८७ मध्ये पिक्सारच्या जॉन लॅसेटरने सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत एक पेपर मांडला. त्याचं म्हणणं एवढंच, की तीच तत्त्वं कॉम्प्युटरलाही लावा. आदल्याच वर्षी त्याची 'लक्सो ज्युनियर' ही दोन मिनिटांची फिल्म आली होती. दोन टेबल लॅम्प, एक मोठा, एक छोटा. डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. तरी छोटा लॅम्प हिरमुसला हे आपल्याला कळतं. ती जरूर बघा, आणि बघताना एकेक चौकट पुढे सरकवत बघा.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पेग बार बॅगेत होता. आमच्याकडे, सोलापूर जिल्ह्यात, नळाला दिवसाआड पाणी येतं. म्हणजे बादल्या उचलणारं मॉडेल घरातच. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. दोन दिवस मी ओट्यावर बसून ते पाणी भरताना बघितलं आणि वहीत रेघोट्या मारल्या. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीचं ऑफर लेटर त्यांनी फाइलला लावून ठेवलं होतं, आणि मला त्याबद्दल काय बोलायचंय हे त्यांना आईकडून कळलेलं होतं. त्यामुळे दोन दिवस कुणीच काही बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मागून वही बघितली. म्हणाले, "हात चुकलाय."

"कुठला? बादलीचा?"

"बादलीचा नाही. दुसरा. मोकळा हात असा अंगालगत राहत नाही." त्यांनी बादली उचलून दाखवली. मग ठेवून परत उचलली. मग मीच म्हटलं, "बाबा, सावकाश उचला ना," तर म्हणाले, "सावकाश उचलली तर वेगळं होतं. नेहमीसारखीच उचलतो, तू नीट बघ."

नीट बघितलं तेव्हा जे दिसलं ते असं. हात कडीला लागला की आधी माणूस खाली जातो, वर नाही. गुडघे थोडे वाकतात. मग हात सरळ ताणला जातो, खांदा खाली ओढला जातो, आणि या सगळ्यात बादली जागची हललेली नाही. बाबांच्या बाबतीत हा वेळ पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे ऑन टूजने तीन चित्रं. मग बादली एकदम सुटते, आणि त्याच वेळी अंग उलट्या बाजूला झुकतं आणि मोकळा हात बाहेर फेकला जातो. नंतर मी मेकॅनिक्स लावून बघितलं. माणूस ६० किलोचा, बादली १५ लिटरची, मध्यरेषेपासून ३५ सेंमीवर. तोल दोन पायांच्या मध्ये राहायचा तर अंगाचं केंद्र दुसऱ्या बाजूला जवळजवळ ९ सेंमी सरकायला पाहिजे. माझ्या बाईचं शून्य सेंमी सरकलं होतं. ती सावधानमध्ये उभी राहून १५ किलो उचलत होती. स्टुडिओवाल्यांचं एक वाक्य आता मला पूर्ण पटलं.

संध्याकाळी काढलेली अठरा पानं बाबांनी स्वतः फडफडवून बघितली. दोनदा. "आता उचलली," म्हणाले. ऑफर लेटरचा विषय त्यानंतर निघाला, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाता जाता थोडा इतिहास, कारण हे सगळं फक्त डिस्नेपासून सुरू झालं असा आपला समज असतो. अमेरिकेत विन्सर मॅकेने १९१४ मध्ये 'गर्टी' नावाची डायनॉसोर हजारो कागदांवर काढली. तेव्हा पारदर्शक सेल वापरात आले नव्हते, त्यामुळे मागचे दगड आणि डोंगरसुद्धा प्रत्येक कागदावर परत काढले. हेही एक प्रकारचं जीटीच, फक्त हजारो शीटचं. त्याच सुमाराला अर्ल हर्डने सेलचं पेटंट घेतलं आणि पार्श्वभूमी एकदाच रंगवून तिच्यावर पात्राचे पारदर्शक कागद ठेवता येऊ लागले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करून 'अंकुराची वाढ' केली होती, आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'. काड्यापेटीतल्या काड्या, एकेक चौकट हलवून. खर्च किती आला असेल हो?

१९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. त्या पहिल्या तुकडीत राम मोहन होते, मद्रास विद्यापीठाचे केमिस्ट्रीचे पदवीधर. पुढे भारतीय ॲनिमेशनमधलं फार मोठं नाव, २०१४ मध्ये पद्मश्री, २०१९ मध्ये गेले. (केमिस्ट्रीची गोष्ट मी आईला तीनदा सांगितली आहे.) १९७४ ची 'एक अनेक और एकता' तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल, दूरदर्शनवर सतत लागायची. दिग्दर्शन भीमसेन यांचं आणि तिच्यामागे विजया मुळे. तिच्यात हालचाल किती कमी आहे ते आता बघा. गोल डोकी, साधे रंग, मोजकी चित्रं, आणि तरी जाळं घेऊन उडणारे पक्षी पन्नास वर्षं लोकांच्या डोक्यात आहेत. पैसा कमी असला की कुठलं चित्र वगळायचं ते कळावं लागतं, आणि ते कळायला सगळी चित्रं आधी येत असावी लागतात.

युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचं 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' १९९२ मध्ये तयार झालं. जानेवारी २०२५ मध्ये ते भारतात परत थिएटरला लागलं तेव्हा आम्ही सातजणी गेलो होतो. बाकीच्या सहाजणी युद्ध बघत होत्या. मी उत्तरीयं बघत होते. पात्र थांबतं, पण खांद्यावरचं कापड दोन-तीन चित्रं उशिरा थांबतं. एकेका कापडाची एकेक घडी कुणीतरी हाताने उशिरा थांबवली आहे.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणालं तर त्याला २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' दाखवा. सिनेमा पूर्ण कॉम्प्युटरवरचा. पण जंगलातल्या प्रसंगात नवखा माइल्स ऑन टूज हलतो आणि मुरलेला पीटर ऑन वन्स. म्हणजे शिकाऊ पोराचा अडखळलेपणा त्यांनी चौकटी कमी करून दाखवला. थिएटरमध्ये हे कुणाला 'दिसत' नाही, जाणवतं फक्त. कागदावर शंभर-दोनशे चित्रं काढल्याशिवाय हे कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

ज्यांना खरंच या वाटेला जायचंय त्यांच्यासाठी एक माहिती: आय.आय.टी. मुंबईच्या आय.डी.सी.मध्ये ॲनिमेशनचं एम.डेस. आहे, इंजिनिअरिंगची पदवी चालते, आणि प्रवेशासाठी सीड नावाची परीक्षा असते. तिच्यात चित्रं काढावी लागतात, माउसने नाही. मी फॉर्म भरलाय. ऑफर लेटर अजून फाइलला लागलेलंच आहे.

सध्या मी आमच्या मेसच्या मावशींवर काम करतेय. तव्यावरची पोळी त्या उलथन्याशिवाय, नुसत्या बोटांनी उलटतात. मी मोजलं, बोट तव्याला लागून सुटेपर्यंत दोन चौकटीसुद्धा जात नाहीत. म्हणजे इथे ऑन टूज चालणार नाही. अकरा चित्रं झाली आहेत आणि सहाव्या चित्रात पोळी अजून पुठ्ठ्यासारखी दिसते, मध्ये वाकत नाही. आज रात्री बसायचा विचार होता, पण एफ.ई.चं सबमिशन सोमवारी आहे आणि काच खालच्या मजल्यावर गेली आहे. पहाटे चारनंतर परत देतो म्हणाल्यात.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)